रिकामा मुलूख



नागपूर, अकोला, जळगावकडून मुंबईला निघालेली रात्रीची गाडी कसाऱ्याचा घाट उतरते ती बहुधा पहाटे. आपल्यातले बहुतेक जण तेव्हा झोपेत असतात. जाग येते ती कल्याणला, फलाटावरच्या कलकलाटाने. खिडकीतून इमारती दिसतात, पत्र्याची छपरे दिसतात, लोकलला लोंबकळणारी माणसे दिसतात. त्यामुळे ठाणे जिल्हा म्हटला की मुंबईची ओसरी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. कसारा ते कल्याण ही ६७ किलोमीटरची वाट आपण झोपेत काढलेली असते. जिल्ह्याचा जुना मुलूख मात्र त्याच वाटेच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चार दिवस पायी हिंडलो. माझे शिक्षण शेतकीचे, त्यामुळे नजर आधी जमिनीकडे जाते आणि मग माणसांकडे. परत आलो तो एक प्रश्न घेऊन. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या बैठकीत ठाण्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न आपल्याच घरचा आहे. विरळ वस्तीच्या, गवताच्या, पावसावर जगणाऱ्या मुलखाला ‘रिकामा’ कोण ठरवते? आणि एकदा तो रिकामा ठरला की त्याचे पुढे काय होते?

एका जिल्ह्यात दोन मुलूख

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता. माणसे १ कोटी १० लाख. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा निघाला. त्याच जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत १२ लाख ४७ हजार माणसे होती. अख्ख्या मुरबाड तालुक्यात मात्र दोन लाखसुद्धा भरली नाहीत, आणि शहापूर तालुक्यात तीन लाखांच्या थोडी वर. डोंबिवलीच्या एकेका गल्लीत जेवढी माणसे राहतात तेवढी इकडे पाच-सहा पाड्यांत मिळून नसतात.

पूर्वेला सह्याद्रीचा कडा सरळ भिंतीसारखा उभा आहे. त्याच्या पायथ्याला लाटांसारखे डोंगर-टेकाड, मधल्या खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरी, आणि बाकी सगळे गवत व रान. या उतारांना इकडे वरकस म्हणतात. सरकारी कागदात वरकस म्हणजे हलकी जमीन. शेतकऱ्याला मात्र तिच्यावाचून भात नाही. वरकसावरचे गवत, पालापाचोळा आणि फांद्या आणून, शेणाबरोबर रोपवाटिकेच्या जागेवर रचून, पावसाआधी जाळायच्या. याला राब म्हणतात. तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते, रोप जोमाने येते. झाडे छाटली जातात हा त्यातला दोष खरा. पण ज्या जमिनीवर रोपाचा जीव अवलंबून आहे तिला पडीक म्हणणे हे अडाणीपणाचे आहे. कॉलेजात आम्हालाही गवत शिकवले गेले ते बहुतेक ‘तण’ या धड्यात.

पाऊस इथे अडीच हजार मिलीमीटरच्या घरात पडतो. आपल्याकडे सातशे-आठशे पडला तर आपण वर्ष चांगले म्हणतो. तरी शहापूरच्या पाड्यांवर मार्च-एप्रिलात टँकर येतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खाली काळा कातळ, वर वीत-दीड वीत मुरूम, आणि उतार जोराचा. पडलेले पाणी काही तासांत ओढ्याला आणि दोन दिवसांत खाडीला लागते. जमिनीत मुरायला जागा नाही. जे पाणी अडवले आहे ते अडवले दुसऱ्यांसाठी.

आपला माल, या मुलखाचे घाट

या मुलखाचे आणि आपले नाते दोन हजार वर्षांचे आहे, आणि ते कापसाचे आहे. जुन्नरहून खाली मुरबाडकडे उतरणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, याचा त्यात आकड्यांनिशी हिशेब आहे. बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकात टाकण्याचा, असे लोक सांगतात. घाट चढून आलो, रांजणाजवळ बसलो आणि मनात आले, हा माल कोणाचा असेल?

याचे उत्तर एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणचे आणि तगरचे नाव आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथून साधे कापड आणि मलमल गाड्या भरभरून बंदराला जाई, असे तो लिहितो. पण बंदर कोणते? कल्याण नव्हे, दूरचे भडोच. कल्याण आधी खुले बंदर होते. पुढे सत्ता बदलली, तिथे अडवणूक सुरू झाली, आणि चुकून आलेली ग्रीक गलबतेसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. जवळचे बंदर बंद आणि माल लांबच्या वाटेने. निर्यातबंदी आणि जिल्हाबंदी सोसलेल्या कापूसवाल्याला यात नवे काय सांगायचे?

दुसरी वाट आगगाडीची. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत धावू लागली. तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरच्या गंगाघाटापर्यंतही जात असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कसाऱ्याचा घाट रेल्वेला खुला झाला १ जानेवारी १८६५ रोजी. एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध आटोपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या सट्ट्याचे दिवाळे निघाले. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. म्हणजे तेजी होती तेव्हा वाट नव्हती, आणि वाट झाली तोवर तेजी ओसरली होती.

तिसरी वाट परवाची. नागपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. शेवटचा टप्पा इगतपुरीहून डोंगर पोखरून शहापूर तालुक्यात उतरतो. आपल्या कित्येक गावांच्या जमिनी त्यात गेल्या, तशा शहापूरच्याही गेल्या. पथकराचे नाके आहेतच. दगडी रांजणाची जागा आता यंत्राने घेतली आहे.

तीन वाटा पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. माल पठाराचा, घाट या मुलखाचा, आणि भाव ठरतो तिसऱ्याच ठिकाणी. ज्यांच्या अंगणातून माल गेला त्यांनाही त्यातले फारसे काही मिळाले नाही.

गवताचा भाव

या मुलखाचा स्वतःचा नगदी माल होता तो गवत. मुंबईतले तबेले, गाडीघोडे, म्हशी यांना वैरण लागे. १८७४ ते १९०५ पर्यंत तिथल्या ट्रामसुद्धा घोडेच ओढत होते. ठाणे जिल्ह्यातले गवत कापून, गठ्ठे दाबून रेल्वेने मुंबईला जाई. कापणारे हात वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे. जमीन आणि गठ्ठे सावकार-जमीनदारांचे. जोडीला वेठबिगार.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन झाले. उंबरगाव-डहाणूकडचे वारली तिथे आले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर गेले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावच्या परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. पावसाळा संपला तेव्हा लढा उभा राहिला तो गवताच्या मजुरीवर. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, पाच जण मेले. पण वेठ मोडली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्याचे आहे.

हे सांगायचे कारण एवढेच. ज्या गवताला कागदावर किंमत नव्हती, त्याच गवतावर एक बाजार चालत होता आणि त्याच गवतासाठी माणसांनी जीव दिला.

धरण उशाला, कोरड घशाला

आज या मुलखातून जाते ते पाणी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार एकट्या भातसाचे, म्हणजे जवळजवळ निम्मे. भातसा शहापूर तालुक्यात आहे. १८९२ सालचे तानसाही तिथलेच. मोडकसागर आणि मध्य वैतरणा याच डोंगरपट्ट्यात. बदलापूरजवळचे बारवी धरण कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांना पाणी देते. शहराला पाणी देऊ नका, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आपलीच पोरे तिथे खोल्या करून राहतात. पण धरणाच्या भिंतीवरून दिसणाऱ्या पाड्यात उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते, तेव्हा हिशेब चुकलेला असतो. एका पाड्यावरची आजी मला म्हणाली, “पाणी आमच्या दारावरून जातं दादा, थांबत नाय.”

सातासमुद्रापलीकडची तीच गोष्ट

ही गोष्ट एकट्या ठाण्याची नाही. अमेरिकेच्या मध्यभागी गवताळ प्रदेशाची जी राज्ये आहेत, त्यांत नॉर्थ डकोटा नावाचे एक राज्य आहे. क्षेत्रफळ १ लाख ८३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. लोकसंख्या २०२० च्या गणनेत ७ लाख ७९ हजार, म्हणजे कल्याण-डोंबिवलीपेक्षा कितीतरी कमी. नजर पोचेल तिथवर माळ, वर आभाळ, आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. आज लोक तिथे रानरेडे, रंगीत मातीचे कडे आणि अथांग जलाशय पाहायला जातात.

हा मुलूखही ‘रिकामा’ ठरला होता. १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्या वसाहतवाल्यांना १६० एकर जमीन देण्याचे ठरले. ज्यांची ती जमीन होती त्या मूळच्या लोकांना राखीव तुकड्यांत कोंडले. हजारो वर्षे गवताच्या मुळांनी घडवलेली काळी माती नांगरांनी उलथली. १९३० नंतरच्या दुष्काळात त्या गवताळ पट्ट्यातली माती धुळीची वादळे होऊन उडाली. उन्हाळ्यात उघडी पडलेली आपली काळी रानेही थोडीथोडी अशीच उडत असतात, हे विसरू नये.

मिसुरी नदीच्या काठच्या गाळात मंडान, हिदात्सा आणि अरिकारा ही जमाती पिढ्यान्‌पिढ्या मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल पिकवत होती. १९५३ साली गॅरिसन धरण पाण्याने भरू लागले. त्यांच्या राखीव क्षेत्रातली दीड लाख एकरांहून अधिक जमीन बुडाली, आणि तीही सर्वांत चांगली. १९४८ साली वॉशिंग्टनला करारावर सह्या होत असताना त्यांचा अध्यक्ष तोंड झाकून रडला, त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. आज त्या पाण्यावर सहलीच्या होड्या फिरतात. भातसाच्या काठी बसून मला ते छायाचित्र आठवले.

पण त्याच राज्यातल्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. गहू त्यांचा, पण प्रत आणि भाव ठरवणारे व्यापारी, गिरण्या आणि बँका शेजारच्या राज्यातल्या मिनीॲपोलिस शहरात. १९१५ साली शेतकऱ्यांनी आपली संघटना उभारली, १९१६ साली निवडणूक जिंकली. १९१९ मध्ये राज्याच्या मालकीची बँक काढली, १९२२ मध्ये राज्याची पिठाची गिरणी आणि धान्यकोठार सुरू केले. बँक आणि गिरणी दोन्ही शंभर वर्षांनंतर आजही चालू आहेत. मतांनी थोडे असलेले लोकही नेमकी मागणी घेऊन एकत्र आले तर काय होते, याचा हा दाखला. मात्र बुडालेल्या जमातींच्या मदतीला ती एकजूट आली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नेवाळी आणि आपले गायरान

आता परत कल्याणला येऊ. कल्याणहून हाजीमलंगकडे जाताना नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने धावपट्टीसाठी आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. युद्ध संपले, इंग्रज गेले, जमीन परत आली नाही. शेतकरी ती कसत राहिले आणि कागद सरकारकडे राहिले. पुढे कुंपण घालायला सुरुवात झाली. २२ जून २०१७ रोजी लोकांचा संयम सुटला. गाड्या जळल्या, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या, शेतकरी जखमी झाले. जाळपोळ चुकीचीच. पण पाऊणशे वर्षे कागद दुरुस्त न करणाऱ्यांना कोणी दोषी धरले नाही.

आपल्या गावांत आज नेवाळीची बीजे आहेत ती गायरानात. कुसळी, पवन्या, मारवेल उगवणाऱ्या माळाला कागदात पडीक म्हटले जाते. या माळावर गावची गुरे जगतात, धनगरांची मेंढरे जगतात, आणि भूमिहीनाची शेळी जगते. ज्वारीचा कडबा कमी पडतो त्या वर्षी बैल वाचतो तो याच गवतावर. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२ मध्ये गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. गावाच्या सामाईक जमिनी गावासाठीच राहिल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात बजावले आहे.

तरी गायराने सुटत आहेत. २०२३ साली सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. दिवसा वीज ही आपलीच मागणी आहे, तिला विरोध नाही. पण हिशेब पाहा. योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले, सरकारी जमीन मात्र नाममात्र दराने. गावचे गायरान या दुसऱ्या खात्यात मोडते. जमीन तीच, ऊन तेच. मालक एकटा असला तर सव्वा लाख, आणि मालक सगळे गाव असले तर जवळजवळ फुकट.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गायरान वाचवा याचा अर्थ गायरान कसणाऱ्या भूमिहीनाला हुसकावा असा कोणी काढू नये. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी. पोटासाठी दोन एकर कसणारा आणि चारशे एकरांचा ताबा मागणारी कंपनी यांना एकाच ‘अतिक्रमण’ शब्दात बसवणारे आपले मित्र नव्हेत.

पुढच्या बैठकीला काय आणायचे

कधी कल्याणला उतरलात तर थेट मुंबई गाठू नका. अंबरनाथचे शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे शिवमंदिर पाहा, आणि त्याच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीची कारखान्यांनी काय दशा केली तेही पाहा. दुर्गाडीवरून खाडी पाहा. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराकडे लक्ष दिले ते याच खाडीच्या बळावर. आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्याला जा. जमले तर नाणेघाट चढा. मात्र फोटो काढून निघू नका. वाटेत कोणाच्या ओटीवर बसून पाणी कुठून आणता, गवताला भाव काय मिळतो, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तरे आपल्या गावच्यासारखीच वाटतील.

आणि काम हे. प्रत्येक तालुक्याने आपल्या गावांच्या गायरानाचा तक्ता पुढच्या जिल्हा बैठकीला आणावा. गट नंबर, कागदावरचे क्षेत्र, प्रत्यक्षातले क्षेत्र, किती गुरे-मेंढरे चरतात, कोण भूमिहीन कसतो, आणि गेल्या दहा वर्षांत कोणाला किती जमीन कोणत्या दराने दिली. तलाठ्याकडून उतारा घ्या, पण माळावर पायी फिरून पडताळा. ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय आणि खासगी जमिनीइतक्या भाड्याशिवाय एक गुंठाही जाणार नाही, ही मागणी आपण त्या तक्त्यांच्या जोरावर मांडू. तक्ता नसेल तर आपली जमीनही उद्या कोणाच्या तरी नकाशात रिकामीच दिसेल.